सेल्फ, धक्का आणि टोचन

किल्ली फिरवली. डॅशबोर्ड उजळला, हेडलाइटही लख्ख, पण इंजिन काही फिरत नाही. बॉनेटखालून नुसता 'टक' असा आवाज येतो. जमलेल्या मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, दिवे लागतायत की, म्हणजे सेल्फ गेला. दोघंही चुकलेले असू शकतात.

५५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ४.५ अँपिअर करंट घेतो. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, लहान पेट्रोल गाडीतसुद्धा १५० अँपिअर सहज ओढतो. डिझेलमध्ये त्याहून जास्त. आता बॅटरीच्या टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी पूड साचलीय आणि तिथे ०.०२ ओहमचा अडथळा तयार झालाय असं समजा. ओहमचा नियम लावला तर हेडलाइटच्या करंटसाठी तिथे ०.०९ व्होल्ट वाया जातात, डोळ्यांना कळतही नाही. सेल्फच्या करंटसाठी मात्र ३ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या बॅटरीत असतात १२.६, आणि सेल्फ मारताना तेही उतरतात. मोटरपर्यंत पोचतं ते इंजिन हलवायला पुरत नाही. म्हणून नवी बॅटरी घ्यायच्या आधी गरम पाणी आणि तारेचा ब्रश वापरून पाहावा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही तपासावी, कारण करंट परत जातो तो तिच्यातूनच, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आवाज नीट ऐकला तर बरंच कळतं. सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड बसवलेलं असतं. किल्लीकडून येणाऱ्या छोट्या करंटने त्यात चुंबकत्व येतं. ते एका झटक्यात दोन कामं करतं: मोटरचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, कड्यात ढकलतं आणि जाड केबलचे कॉन्टॅक्ट जुळवतं. बॅटरी अशक्त असेल तर कॉन्टॅक्ट जुळताच व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइडची पकड सुटते. भार गेला की व्होल्टेज सावरतं आणि पुन्हा पकड बसते. ही 'टकटकटकटक' म्हणजे बहुधा उतरलेली बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल. एकच ठोस 'टक' होऊन पुढे शांतता असेल, तर संशय सोलेनॉइडच्या जळलेल्या कॉन्टॅक्टवर किंवा मोटरच्या झिजलेल्या ब्रशवर, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला टेकून करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवर. मेकॅनिक सेल्फवर पाना ठोकतो आणि गाडी सुरू होते, ती जादू नव्हे. अडकलेला ब्रश हलून पुन्हा टेकतो, एवढंच. घरी पोचण्यापुरता हा उपाय चांगला.

पूर्वी इंजिनाला पहिला फेरा हाताने हँडल फिरवून द्यायचे, आणि इंजिन उलटं उसळलं की मनगट मोडायचं. १९११ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. केटरिंग आधी कॅश रजिस्टरच्या कंपनीत होते. गल्ल्याचा खण क्षणात उघडणारी छोटी मोटर त्यांनी तिथेच तयार केली होती. मोटरला काही सेकंदच राबायचं असेल तर तिच्यावर कुवतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो, हे त्यांनी हेरलं. किल्ली अर्धा मिनिट धरून ठेवली तर सेल्फ जळतो, तो याच कारणाने.

सेल्फ नाही तर धक्का. दुसरा गिअर टाकायचा, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. चाकं गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स इंजिनाला फिरवतो. पण बॅटरीत थोडा तरी जीव हवा. इंधनाचा पंप, इंजेक्टर, संगणक सगळे विजेवर चालतात. गाडीत वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरलाही आपलं चुंबकत्व उभं करायला आधी बॅटरीचा करंट लागतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडलेल्या, ऑटोमॅटिक गाडीत तर धक्क्याचा उपयोगच नाही. तिच्या गिअरबॉक्समधले क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात आणि तो दाब देणारा पंप फिरतो इंजिनाच्या बाजूने. इंजिन बंद, म्हणजे दाब नाही. चाकं कितीही फिरली तरी इंजिनापर्यंत काही पोचत नाही. हीच गाडी टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीमागे ओढत, लांब नेली तर आणखी वाईट: चाकांकडचे भाग फिरत राहतात, पंप थांबलेला असल्यामुळे त्यांना तेल मिळत नाही, आणि गिअरबॉक्स तापून खराब होतो. म्हणून इंजिनाच्या जोरावर फिरणारी चाकं उचलायची, नाहीतर अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रक सरळ बोलवायचा. विजेच्या गाडीलाही फ्लॅटबेडच बरा, कारण चाकांबरोबर तिची मोटर फिरून वीज बनवू लागते.

आता दोर. सपाट डांबरी रस्त्यावर १००० किलोची गाडी ओढायला जेमतेम १५ किलोचा जोर पुरतो. घाटात, दहाला एक चढावर, आणखी १०० किलो. मग दोर तुटतात कशाने? झटक्याने. ढिला दोर ताणला जाताना पुढच्या अवजड ट्रकचा वेग मागच्या गाडीपेक्षा सेकंदाला फक्त १ मीटर जास्त असेल, तर ५०० ज्यूल ऊर्जा दोरावर येते. स्टीलची वायर २ सेंटिमीटर ताणून ती झेलणार असेल तर सरासरी जोर अडीच टनांचा. नायलॉनचा दोर ५० सेंटिमीटर ताणला तर तोच १०० किलोंवर येतो. पण हुक निसटला तर हाच ताणलेला नायलॉन तो हुक गोळीसारखा भिरकावतो, त्यामुळे दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू नये.

दोर बंपरला बांधायचा नाही. जॅकच्या सामानात एक आकडा असतो, तो बंपरवरच्या छोट्या झाकणामागे आटे फिरवून बसवायचा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून आवळायचे असतात. किल्ली चालू ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आणि मागच्या गाडीत बसणाऱ्याने ध्यानात ठेवावं: इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच टिकते. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं आणि पायाचा सगळा जोर लावावा लागतो.