परोपजीवी गांधीलमाश्यांची हालचाल आणि तापमान

किडींच्या अंड्यांत, अळ्यांत किंवा पिलांत स्वतःची अंडी घालून त्यांचा नाश करणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या जैविक कीड नियंत्रणात वापरतात. पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवरची ट्रायकोग्रामा आणि हरितगृहातल्या पांढऱ्या माशीवरची एन्कार्सिया फॉर्मोसा या त्यांतल्या विशेष परिचित. काम करते ती मादी. यजमान कीड, म्हणजे जिच्यात अंडी घालायची ती, तिला पानोपान हिंडून शोधावी लागते आणि हे हिंडणे मुख्यतः तापमानाच्या हाती असते.

ट्रायकोग्रामाची मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. एवढ्याशा देहात उष्णता टिकत नाही; उन्हातल्या पानावरून ती खालच्या, सावलीच्या बाजूला गेली की काही क्षणांत तिचे अंगही निवते. शिवाय पान बाष्पोत्सर्जनामुळे हवेपेक्षा थंड असू शकते आणि वारा पडलेल्या कडक उन्हात हवेपेक्षा तापलेलेही. त्यामुळे हवेत टांगलेल्या तापमापीचा आकडा म्हणजे तिच्या पायाखालचे तापमान नव्हे. क्षेत्रातल्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

थंडी वाढू लागली की आधी उडणे बंद होते, कारण पंखांच्या स्नायूंना जास्त ऊब लागते. एन्कार्सिया सुमारे १८° से.च्या खाली फारशी उडत नाही, चालते मात्र. आणखी गारठा पडला की पाय रेंगाळतात आणि अखेर शीतमूर्च्छा येऊन ती जागीच निपचित पडते. ऊब मिळाली तर पुन्हा उठते.

ऊब वाढते तसा चालण्याचा वेग एका मर्यादेपर्यंत चढत जातो. पण नुसता वेग मोजून भागत नाही. गारव्यात मादी हळू चालते, त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे बराच वेळ बसूनच राहते. तिने पानाचा किती भाग धुंडाळला हे वेग, चालण्यात गेलेला वेळ आणि अंडे किती अंतरावरून जाणवते, या तिन्हींवर ठरते. जवळपास अंडी असल्याची खूण म्हणजे पतंगाचे गळलेले खवले; त्यांचा माग लागला की ती मुद्दाम मंदावते, पुन्हापुन्हा वळते. हे मंदावणे थंडीचे समजू नये.

फार उष्णतेत वेग पुन्हा घसरतो. त्याच्या आधीच आयुष्य आखडलेले असते: मादी भराभर फिरते, पण तिला दिवस थोडे मिळतात.

प्रसारणाच्या, म्हणजे माश्या शेतात सोडण्याच्या, वेळेलाही म्हणूनच महत्त्व आहे. परोपजीवीग्रस्त, म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली, अंडी चिकटवलेली कार्डे थंड जागी ठेवून माश्या बाहेर पडणे लांबवता येते. मात्र ही साठवण लांबली तर काही माश्या अधू पंखांच्या निपजतात. कार्डे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पानांच्या सावलीत लावतात, म्हणजे नुकत्याच निघालेल्या माश्या दुपारच्या उन्हात सापडत नाहीत. गारठ्याचे दिवस असले तर अडचण उलटी होते. माश्या कार्डाभोवतीच घुटमळतात, दूरच्या झाडांवरची अंडी सुटतात आणि कार्डावरची न उबलेली अंडी अधिक दिवस मुंग्यांच्या तोंडी राहतात.