थेसालोनिकी : धर्मवास्तू व पर्यटन

थेसालोनिकी (सलोनिका) : उत्तर ग्रीसमधील इतिहासप्रसिद्ध बंदर व देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. मॅसिडोनियाचा राजा कॅसँडर याने इ. स. पू. सु. ३१५ मध्ये थर्माइक आखाताकाठची लहान गावे एकत्र करून ते वसविले व त्याला आपल्या पत्नीचे, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचे नाव दिले. रोमन काळात एग्नेशिया या बाल्कन ओलांडणाऱ्या महामार्गामुळे ते भरभराटीस आले. ऑटोमन सुलतान दुसरा मुराद याने ते १४३० मध्ये जिंकले. १४९२ नंतर स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाले. १९१२ मध्ये शहर ग्रीसकडे आले, त्यानंतरच्या १९१३ च्या खानेसुमारीत सु. ६१,००० ज्यू, ४६,००० मुस्लिम व ४०,००० ग्रीक अशी नोंद आहे. एकाही समाजाला निर्विवाद बहुमत नव्हते. प्रवाशाला येथे दिसणाऱ्या बहुतेक जुन्या वास्तू एकाहून अधिक धर्मांनी आळीपाळीने वापरलेल्या आहेत.

रोटुंडा : शहरातील सर्वांत जुनी व सर्वाधिक वादाची धर्मवास्तू. विटांची ही वर्तुळाकार इमारत आतून सु. २४ मी. व्यासाची असून भिंतींची जाडी सहा मीटरांहून अधिक आहे. भिंतीत आठ कमानदार कोनाडे असून वर सु. ३० मी. उंचीचा घुमट आहे. ती रोमन सम्राट गॅलेरियस याच्या राजवाड्याच्या आवाराचा भाग मानली जाते. सम्राटाने इराणवर मिळविलेल्या विजयाची स्मारक कमान (स्थानिक नाव ‘कामारा’) जवळच आहे व दोन्ही वास्तू एका मार्गाने जोडलेल्या होत्या. त्यावरून बांधकाम इ. स. ३०० च्या सुमाराचे ठरविण्याची प्रथा आहे. तथापि हेतूबद्दल एकमत नाही. गॅलेरियसने ती आपली कबर म्हणून बांधली, हे जुने व अजूनही मार्गदर्शक सांगतात ते मत; परंतु ३११ मध्ये मरण पावलेल्या गॅलेरियसचे दफन सध्याच्या सर्बियातील रोमुलियाना (गाम्झिग्राद) येथे झाले, असे तेथील उत्खननानंतर मानले जाते. त्यामुळे हे मत दुबळे झाले आहे. दुसरा पक्ष ते देवालय होते असे म्हणतो, पण कोणत्या देवाचे याबाबत त्या पक्षातही फूट आहे. कलेतिहासकार स्लोबोदान चुर्चिच यांनी ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने स्वतःसाठी योजलेली समाधी असावी, असे सुचविले. ही कल्पना आकर्षक आहे, मात्र ती मान्य केल्यास बांधकाम गॅलेरियसच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षे पुढे सरकते. देवालयाचा तर्क तूर्त कमी अडचणीचा वाटतो.

इमारतीचे चर्च केव्हा झाले, हा प्रश्न घुमटातील कुट्टिमचित्रांशी (मोझेइक; रंगीत तुकडे जुळवून केलेली चित्रे) निगडित आहे. चर्च होताना आग्नेयेकडील कोनाडा फोडून पुढे वेदीचा भाग काढण्यात आला व इमारतीभोवती वर्तुळाकार पडवी जोडण्यात आली. ही पडवी पुढे कोसळली. घुमटाच्या मध्यभागी ख्रिस्ताची आकृती होती. आता तिचा बराचसा भाग गळून गेला असून खालचे कोळशाचे रेखाटन उघडे पडले आहे. मधल्या पट्ट्यातील आकृत्यांची केवळ पावले शिल्लक आहेत. तळच्या पट्ट्यात सोनेरी प्रासादांपुढे हात उंचावून उभे असलेले हुतात्मे दिसतात; प्रत्येकाचे नाव, बहुतेकांचा व्यवसाय व स्मरणाचा महिना शेजारी लिहिलेला आहे. वैद्य, सैनिक, बासरीवादक असे हे लोक आहेत. ख्रिस्ती लोकांच्या छळाशी ज्या सम्राटाचे नाव जोडले गेले, त्याच्याच वास्तूत ते आहेत. या चित्रांचा काळ चौथ्या शतकाच्या अखेरीपासून सहाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोठेही धरला जातो. नॉर्वेजियन अभ्यासक याल्मार तोर्प यांनी सम्राट थिओडोशियस पहिला याच्या (चौथ्या शतकाच्या अखेरच्या) कारकीर्दीचा पक्ष सातत्याने मांडला. इतरांनी शैलीवरून पाचव्या शतकाचा मध्य वा उत्तरार्ध सुचविला. शैलीवर आधारलेले कालनिर्णय अशा एकमेव नमुन्याबाबत फार ताणू नयेत.

१५९०–९१ मध्ये रोटुंडाची मशीद झाली. आवारातील मिनार त्या काळाची खूण होय. शहरातील इतर मिनार १९१२ नंतर, मुख्यतः १९२० च्या दशकात, पाडले गेले. हा एकच उरला. ‘संत जॉर्ज’ हे प्रचलित नाव समोरच्या लहान चर्चवरून आलेले आहे. १९७८ च्या भूकंपात वास्तूला मोठी हानी पोहोचली व दुरुस्ती अनेक वर्षे चालली.

इतर चर्च : अखेइरोपिइतोस हे पाचव्या शतकातील चर्च १४३० मध्ये सर्वप्रथम मशीद बनले, मुरादच्या विजयाचा अरबी लिपीतील लेख उत्तरेकडील एका खांबावर आहे व शोधल्यास सापडतो. हागिया सोफिया सर्वसाधारणपणे आठव्या शतकातील मानतात. संत दिमित्रिऑसचे चर्च रोमन स्नानगृहाच्या जागी उभे आहे. परंपरेने संत तेथेच हुतात्मा झाला. काही अभ्यासक मात्र त्याची उपासना सिर्मियम (सध्याच्या सर्बियातील रोमन शहर) येथून आली असे मानतात. १४९० च्या दशकापासून हे चर्च मशीद होते. १९१७ च्या आगीत ते जळाले, त्यानंतर तळघर उजेडात आले. पुनर्बांधणी १९४९ मध्ये पुरी झाली. येथे नित्य उपासना चालते, म्हणून अंगभर कपडे अपेक्षित असतात. २६ ऑक्टोबरच्या उत्सवाला गर्दी असते. आनो पोली या शहराच्या चढावरील जुन्या भागातील लाटोमू मठाच्या छोट्या चर्चमधील दाढीविरहित ख्रिस्ताचे चित्र ऑटोमन काळात गिलाव्याखाली होते व १९२१ मध्ये पुन्हा प्रकाशात आले. चढण बरीच आहे, पण हे चित्र चुकवू नये.

१९८८ मध्ये शहरातील पंधरा वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. यादी आद्य ख्रिस्ती व बायझंटिन वास्तूंपुरती आहे. मशिदी व सिनॅगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) तीत नाहीत.

ऑटोमन वास्तू : मुराद दुसरा याचा बेय हमाम (स्नानगृह, १४४४), हम्झा बेय मशीद (१४६७–६८) व अलाजा इमारेत (मशीद व अन्नछत्र, १४८४) या प्रमुख. येनी जामी (१९०२) इटालियन वास्तुविशारद वितालियानो पोसेली याने दोन्मे समाजासाठी बांधली. सब्बाताई झेवी या ज्यू धर्मगुरूच्या अनुयायांपैकी ज्यांनी इस्लाम स्वीकारला, त्यांचा हा समाज ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत तुर्कस्तानात गेला.

ज्यू वारसा : अवशेष थोडे आहेत. १९१७ च्या आगीत अनेक सिनॅगॉग जळाले. जुने दफनस्थान १९४२ च्या डिसेंबरात उद्ध्वस्त करण्यात आले व त्या जागेवर आता ॲरिस्टॉटल विद्यापीठ आहे. मार्च १९४३ पासून सु. ४६,००० ज्यूंना ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत नेण्यात आले. मोनास्तिर (सध्याच्या उत्तर मॅसिडोनियातील बितोला) येथून आलेल्या ज्यूंनी १९२० च्या दशकात बांधलेले मोनास्तिरिओतोन सिनॅगॉग मात्र टिकले, कारण युद्धकाळात रेडक्रॉस ते वापरत असे. आयिउ मिना रस्त्यावर ज्यू संग्रहालय आहे.

बहुतेक ठिकाणे पायी पाहता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेट्रो सुरू झाली. तिच्या व्हेनिझेलू स्थानकात खोदकामात सापडलेला प्राचीन मुख्य रस्ता फलाटाच्या वर मांडलेला आहे.