एकदा लागण झाली की कायमचे संरक्षण?

कोरोना होऊन गेलेल्या प्राण्याला तो पुन्हा होत नाही आणि त्याच्याकडून पसरतही नाही, हा समज २०२० पासून समाजमाध्यमांत फिरत आहे. त्याला आधार मिळाला तो बहुधा त्या वर्षी बॉस्टनमध्ये झालेल्या माकडांवरील प्रयोगाचा. त्यात नऊ ऱ्हीसस माकडांना कोविडच्या विषाणूची लागण करून, ३५ दिवसांनी त्यांना तोच विषाणू पुन्हा देण्यात आला. दुसऱ्या वेळी फुफ्फुसांतून घेतलेल्या नमुन्यांतील विषाणूचे प्रमाण पहिल्या वेळेच्या मानाने सुमारे लाखपटीने कमी होते. मात्र नाकातील स्वॅबमध्ये सुरुवातीला विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय पदार्थ) आढळला आणि मग तो झपाट्याने ओसरला. म्हणजेच विषाणू आत शिरला होता. आधीच सज्ज असलेल्या प्रतिकारशक्तीने त्याला फार वाढू दिले नाही, इतकेच.

शिवाय ३५ दिवस म्हणजे जेमतेम महिना. तेवढ्यावरून आयुष्यभराची हमी देणे हा उतावीळपणाच. कोलोरॅडोतील प्रयोगात मांजरांनीही २८ दिवसांनंतर दिलेला विषाणू थोपवला, पण तिथेही मुदत तेवढीच छोटी होती.

विषाणू बदलला तर गणित आणखी बिघडते. कोंबड्यांना होणारा संसर्गजन्य ब्राँकायटिस हा श्वसनरोगही कोरोनाविषाणूमुळेच होतो, मात्र तो कोविडच्या विषाणूहून वेगळा, आणि त्याच्या मॅसॅच्युसेट्स प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती कनेक्टिकट प्रकारापुढे अपुरी पडते, हे १९५० च्या दशकातच लक्षात आले होते. म्हणूनच कुक्कुटपालनात लस निवडताना परिसरात कोणता प्रकार फिरतो आहे, हे आधी पाहावे लागते.