अमेरिकेतल्या लायब्ररीत फिल्टर आला कुठून

तिथल्या पब्लिक लायब्ररीत एखादी साइट ब्लॉक झाली की आईवडिलांना वाटतं हे लायब्ररीवाल्यांनीच ठरवलं असणार. पण बऱ्याच ठिकाणी हा फिल्टर पैशाच्या वाटेने आलाय आणि मला वाटतं तेच नीट कळायला हवं.

सुरुवातीला मुलांना अश्लील मजकूर दिसू नये म्हणून संसदेने सरळ नेटवरच बंधन घातलं होतं, १९९६ चा कम्युनिकेशन्स डिसेन्सी ॲक्ट, त्यातला मुख्य भाग सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये उडवला. मग सगळ्यांची नजर गेली लायब्रऱ्यांकडे. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीने मोठ्यांच्या कॉम्प्युटरवरही एक्स-स्टॉप नावाचं फिल्टरचं सॉफ्टवेअर लावलं, लोक कोर्टात गेले आणि १९९८ मध्ये न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी ते धोरण रद्द केलं (या बाई आधी स्वतः लायब्ररियन होत्या). तिकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला उलटीच केस, फिल्टर नव्हता आणि १२ वर्षांच्या मुलाने लायब्ररीतून अश्लील फोटो डाउनलोड केले म्हणून आईने शहरालाच कोर्टात खेचलं. ती हरली, पण तिची काळजी खोटी नव्हती, कुठल्याही आईला तेच वाटलं असतं.

डिसेंबर २००० मध्ये आला चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट म्हणजे सिपा. यात फिल्टरची सक्ती कुठेच नाही, फक्त ई-रेट नावाची इंटरनेट बिलातली सवलत किंवा केंद्राचं ठराविक अनुदान हवं असेल तर फिल्टर लावा. ही सवलत २० ते ९० टक्के, जितकी वस्ती गरीब तितकी जास्त. म्हणजे श्रीमंत गावाची लायब्ररी सरकारला नको म्हणू शकते, गरीब गावाची कुठून म्हणणार?

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन सिपाविरुद्ध कोर्टात गेली. फिलाडेल्फियात तीन न्यायाधीशांपुढे सॉफ्टवेअरची चिरफाड झाली आणि त्यात जे निघालं ते आजही वाचण्यासारखं आहे. कायदा बोलत होता फक्त चित्रांबद्दल, पण तेव्हाच्या फिल्टरला चित्र ओळखताच येत नव्हतं, ते शब्द आणि साइटचे पत्ते बघून कप्पे पाडायचे आणि कंपन्या आपल्या याद्या गुप्त ठेवायच्या. त्यामुळे हजारो निरुपद्रवी पानं अडायची आणि अडवायची ती सुटायची. २००२ मध्ये या कोर्टाने लायब्रऱ्यांपुरता कायदा रद्द केला.

२३ जून २००३ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो परत उभा केला. न्या. केनेडींचं म्हणणं, मोठ्या माणसाने मागितलं आणि लायब्ररियनने फारसा वेळ न लावता फिल्टर काढला तर तक्रार उरत नाही. सगळी भिस्त या मागण्यावर! आणि ई-रेटच्या नियमात फिल्टर बंद करायची मुभा फक्त मोठ्यांना, पोरांसाठी फार तर चुकून अडलेली एखादी साइट मोकळी करून देता येते, तीही त्यांनी जाऊन सांगितलं तर.

मिझुरीतल्या सेलम गावच्या लायब्ररीत विक्का (जादूटोणा, निसर्गपूजा मानणारा एक आधुनिक पंथ) आणि मूळ अमेरिकन लोकांच्या धर्मावरच्या साइट्स अडत होत्या, तिथल्या एका महिलेने २०१२ मध्ये केस केली, २०१३ मध्ये समझोता झाला आणि अडवणूक थांबली. ती मोठी होती, तिला वकील मिळाले. आपल्या शरीराबद्दल काही शोधणारं चौदा वर्षांचं पोरगं काउंटरवर जाऊन ही साइट उघडून द्या म्हणेल का हो? ते गप्प घरी जातं, आणि कित्येकदा घरी नेट नाही म्हणूनच ते लायब्ररीत आलेलं असतं.