कॅन्सर पूर्ण जावा, चेहराही राहावा

नाकाच्या कडेला चार-पाच मिलिमीटरचा काळपट, चकचकीत ठिपका. दोन-तीन वर्षांपासून आहे. दुखत नाही, खाजत नाही. कधी खपली धरते, तोंड पुसताना टॉवेलला रक्त लागतं, परत सुकतं. घरचे त्याला तीळ म्हणतात, नाहीतर चामखीळ. नागपुरात कुणी डॉक्टरचं नाव काढलंच तर ठरलेलं उत्तर येतं: "दुखत नाही तर दवाखान्यात कायले जाचं?"

साधा तीळ असा वागत नाही. खपली, रक्त, भरणं आणि पुन्हा खपली हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर तो बेसल सेल कार्सिनोमा असू शकतो. त्वचेच्या कॅन्सरमधला हा सर्वांत संथ प्रकार. गोऱ्या कातडीवर तो गुलाबी दिसतो. आपल्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, त्यात उतरतं, त्यामुळे तो काळा दिसतो आणि तिळाच्या नावाखाली खपून जातो. शरीरात इतरत्र तो क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी नाकाची कूर्चा, पापणी, कान कुरतडत राहतो.

निदान झाल्यावर माणसाला दोन भीती वाटतात. एक कॅन्सर या शब्दाची, दुसरी चेहऱ्यावर ब्लेड चालणार याची. दुसरी भीती क्षुल्लक आहे असं मला अजिबात वाटत नाही. चेहरा घेऊनच माणूस लग्नात जातो, दुकानात बसतो, वर्गात शिकवतो. पण व्रण किती राहील हे टाके घालताना ठरतं, असा जो समज आहे तो अपुरा आहे. ते त्याच्या बरंच आधी ठरतं: गाठ किती लहान असताना दाखवली आणि तिची हद्द कुठे संपते हे किती नेमकं कळलं, यावर.

आपल्या देशात एकूण कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा लहान आहे, आणि त्याचं श्रेय मेलॅनिनला जातं. तरी नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. इथला माणूस उन्हाला घाबरतो तो लू लागेल म्हणून. त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला इजा करतात ते अतिनील किरण, आणि त्यांचा थर्मामीटरच्या आकड्याशी थेट संबंध नाही. जानेवारीतल्या सुखद दुपारीही ते असतात. डोक्याला-तोंडाला गुंडाळलेला घट्ट विणीचा सुती दुपट्टा दोन्हींपासून वाचवतो, म्हणून तो फक्त एप्रिल-मेपुरता ठेवू नये. काटोल-नरखेडच्या बागांत वर्षभर राबणाऱ्यांनी तर नाहीच.

आपल्याकडे दुसरी एक वाट आहे, आणि तिच्यात सूर्याचा हात नाही. भाजल्याचा जुना डाग, वर्षानुवर्षं न भरणारी जखम, सतत घासली जाणारी कातडी यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुसरा कॅन्सर उद्भवतो. कॅन्सर-संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. २०२४ मध्ये नागपूरला लागूनच असलेल्या वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून साडीच्या घट्ट बांधणीखाली झालेल्या दोन रुग्णा मांडल्या. त्यांपैकी एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. कमरेवर नाडीचा काळा पट्टा असलेल्या आज्या आपल्या घरोघरी आहेत. नाडी सैल बांधा, जागा बदला, आणि तिथे जखम झाली तर महिनाभरात दाखवा.

दाखवायच्या आधी मात्र एक गोष्ट होते, तिचा मला मनापासून त्रास होतो. चामखीळ समजून त्यावर चुना लावला जातो, अ‍ॅसिडचा थेंब टाकला जातो, घोड्याचा केस बांधला जातो. वरचा उंचवटा गळून पडतो, कातडी भरते, सगळे खूश. खालची मुळं तशीच राहतात, आणि आता त्यांच्यावर व्रणाचं झाकण असतं. दोन वर्षांनी तीच गाठ वर येते तेव्हा ती रुंद आणि खोल झालेली असते, आणि शस्त्रक्रियाही तितकीच मोठी होते. कुठलाही संशयास्पद डाग जाळण्यापूर्वी त्याचा छोटा तुकडा तपासायला गेला पाहिजे. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे.

आता हद्दीबद्दल. डोळ्याला दिसते तिथे गाठ संपत नाही. कातडीखाली तिचे धागे बाजूला गेलेले असतात. म्हणून सर्जन दिसणाऱ्या कडेच्या बाहेर निरोगी कातडीची एक पट्टी घेतो, तिला मार्जिन म्हणतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, कमी धोक्याच्या बेसल सेलसाठी ४ मिलिमीटर पुरतात आणि सुमारे ९५ टक्के गाठी त्यात पूर्ण निघतात.

"गाठ एवढीशी आणि चिरा एवढा कसा?" हा प्रश्न इथेच सुटतो. ५ मिलिमीटरची गाठ, दोन्ही बाजूंना ४-४, म्हणजे १३ मिलिमीटरचा गोल. गोल भोक सरळ शिवलं तर दोन्ही टोकांना कातडीचे उंचवटे राहतात. ते टाळायला गोलाची होडी करावी लागते, रुंदीच्या साधारण तिप्पट लांब. झाली चार सेंटिमीटरची रेघ. हीच गाठ १० मिलिमीटरची होईपर्यंत थांबलात तर रेघ साडेपाच सेंटिमीटरची होते. पाठीवर याचं काही नाही. नाकाच्या शेंड्यावर किंवा पापणीवर एवढी कातडीच नसते.

मार्जिन कमी करायचं तर खात्री वाढवावी लागते. नेहमीच्या पद्धतीत काढलेला तुकडा लॅबमध्ये उभ्या कापांनी पाहतात. कापांमधला भाग दिसत नाही, आणि प्रत्यक्षात कडेचा एक टक्काही नजरेखालून जात नाही. अर्ध्या संत्र्याच्या तीन-चार चकत्या पाहून सगळी साल निरोगी आहे असं म्हणण्यासारखं ते आहे. साल सोडून, सपाट पसरून पूर्ण पाहिली तर? फ्रेडरिक मोज या अमेरिकन डॉक्टरने नेमकं हेच केलं.

विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना, १९३०च्या दशकात, त्याच्या लक्षात आलं की झिंक क्लोराइडने ऊती मरतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना जशीच्या तशी दिसते. तो गाठीवर झिंक क्लोराइडची लगदी लावायचा, दुसऱ्या दिवशी थर कापायचा, थराचा पूर्ण तळ तपासायचा आणि जिथे कॅन्सर दिसेल तिथेच पुन्हा लगदी. १९४१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. रुग्णाला दुखायचं, दिवसच्या दिवस लागायचे. १९५३ मध्ये एका पापणीच्या शस्त्रक्रियेचं चित्रीकरण चालू असताना वेळ वाचवायला त्याने लगदी वगळली आणि ताजा तुकडा गोठवून पाहिला. आज जगभर तीच रीत आहे. तशाच झिंक क्लोराइडची काळी मलमं आजही इंटरनेटवर 'कॅन्सर ओढून काढणारी' म्हणून विकली जातात. मोजच्या कामाचा प्राण सूक्ष्मदर्शकात होता, लगदीत नव्हता. ती मलमं म्हणजे आपल्या चुन्याचीच इंग्रजी बहीण.

मोज शस्त्रक्रिया भूल देऊन झोपवून होत नाही. जागेवर इंजेक्शन पुरतं. पाती सरळ न धरता ४५ अंशांत तिरपी धरून बशीसारखा पातळ थर उचलतात. थरावर आणि जखमेवर जुळत्या खुणा करतात, थराच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात, कागदावर नकाशा काढतात. मग थर दाबून असा सपाट करतात की कडा आणि तळ एकाच पातळीत यावेत. तो शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर गोठवून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पातळ काप घेतात, रंगवतात आणि पाहतात. तोपर्यंत रुग्ण पट्टी बांधून बाहेर चहा घेत बसलेला असतो. तासाभराने उत्तर येतं: घड्याळातल्या चारच्या बाजूला कॅन्सर शिल्लक आहे, बाकी साफ. मग फक्त चारच्या बाजूला आणखी एक-दोन मिलिमीटर. साफ आलं की थांबायचं. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेलमध्ये पाच वर्षांनंतरचं यश यात ९९ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि निरोगी कातडी कमीत कमी जाते. कॅन्सरची खात्री आणि लहान व्रण एकाच कृतीतून येतात, म्हणून मला ही पद्धत वैद्यकातल्या फार सुंदर कल्पनांपैकी वाटते.

ती प्रत्येक गाठीला लागत नाही. डोळे, नाक, ओठ, कान, कानशिलं इथल्या, परत उलटलेल्या किंवा कडा अस्पष्ट असलेल्या गाठींना ती खरी उपयोगी. आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी होते. जिथे नाही तिथे फ्रोझन सेक्शनची, म्हणजे तुकडा तिथल्या तिथे गोठवून तपासायची, सोय आहे का, किंवा कडांचा रिपोर्ट येईपर्यंत जखम पट्टीखाली ठेवून नंतर शिवता येईल का, हे विचारावं. दोन दिवस उघडी जखम सांभाळावी लागली तरी पुन्हा कापण्यापेक्षा ते परवडतं.

मेलॅनोमाला, म्हणजे कातडीच्या रंगपेशींपासून होणाऱ्या कॅन्सरला, हा कंजूषपणा चालत नाही. तिथे मार्जिन गाठीच्या जाडीवर ठरतं: १ मिलिमीटरपर्यंत जाड असेल तर १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरच्या वर असेल तर २. आपल्या लोकांत तो तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली येतो. तिथे व्रणाचा विचार नंतर.

जखम साफ झाली की ती मिटवायची. १८६१ मध्ये कार्ल लांगर या व्हिएन्नातल्या शरीररचनातज्ज्ञाने प्रेतांना गोल टोच्याने भोकं पाडली आणि पाहिलं की भोकं गोल न राहता लांबट होतात, ठरलेल्या दिशांत. कातडीला ताण आहे आणि ताणाला दिशा आहे. आज सर्जन चेहऱ्यासाठी त्याहून सोपी गोष्ट करतो: भुवया उंचवायला, डोळे गच्च मिटायला, ओठांचा चंबू करायला सांगतो आणि उमटलेल्या सुरकुत्या पेनने आखतो. त्यांना धरून दिलेला चिरा सुरकुतीत मिसळतो, आडवा गेला तर ताणून रुंद होतो. आजोबांच्या सैल कातडीवर व्रण नातवापेक्षा चांगला जुळतो, तो यामुळेच.

खड्डा मोठा असेल तर शेजारची कातडी सरकवतात, आणि नाकाचा मोठा भाग गेला तर कपाळाची. याचं मूळ सुश्रुतापर्यंत जातं, पण जगाला ते कळलं पुण्यामुळे. १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकीकत चित्रासह छापून आली. तो इंग्रजी फौजेत होता, टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक कापलं होतं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक दिलं. आधी मेणाचं नाक करून जागेवर बसवून पाहिलं, मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधला देठ तोडला नाही, कारण रक्त तिथूनच येणार होतं. पीळ देऊन ती खाली आणली आणि सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या लावल्या. देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तोडला. आजचा प्लास्टिक सर्जनही या शस्त्रक्रियेत साचा करतो, देठ राखतो आणि सुमारे तीन आठवड्यांनी तोडतो. त्या कारागिराचं नाव मासिकाने छापलं नाही.

देठातून येणारं रक्त इतकं मोलाचं असतं म्हणून नागपूरकरांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: खर्रा, म्हणजे आपलं तंबाखू-सुपारीचं मिश्रण. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सरकवलेल्या कातडीची कड काळी पडू शकते. बिडी-सिगारेट असो वा खर्रा, शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून ते जखम भरेपर्यंत बंद.

टाके दोन थरांत घालतात. खालचे विरघळणारे टाके ताण घेतात, वरचे फक्त कडा जुळवतात. चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांत काढतात. जास्त राहिले तर शिडीसारखे डाग पडतात. पहिले दोन-तीन महिने व्रण लाल आणि कडक असतो, तो बिघडला असं समजू नये. निवळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आपल्या कातडीवर त्याला ऊन लागलं तर तो काळा पडतो, म्हणून दुपट्टा आणि सनस्क्रीन दोन्ही वापरा. जखम पूर्ण बंद झाल्यावर हलका मसाज आणि सिलिकॉन जेल उपयोगी पडतं. पूर्वी कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर जाड गाठ आली असेल, तर ते सर्जनला आधीच सांगा, कारण केलॉइडची प्रवृत्ती असेल तर सुरुवातीपासून वेगळी काळजी घ्यावी लागते.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला की त्यात मार्जिनची ओळ शोधा आणि ती डॉक्टरांकडून समजून घ्या. तो कागद कायमचा जपून ठेवा. एकदा हा कॅन्सर झालेल्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे पुढच्या तपासण्यांना फक्त जुना व्रण दाखवून परत येऊ नका. डॉक्टरांना कानामागे, पाठीवर, नखांत, तळपायांवर आणि कमरेवरच्या नाडीच्या जागीही पाहायला सांगा.