लॅपटॉप मध्येच अडकतो? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लॅपटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) आहे, तरी तो अडकतो. माउस हलतो पण क्लिक लागत नाही, एक्सेलच्या डोक्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, आणि दहा-वीस सेकंदांनी सगळं एकदम सुटून साचलेले क्लिक एका दमात उघडतात. ही तक्रार नेहमीची आहे आणि बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखी आहे. अडचण वेगळीच आहे: असे बरेच लॅपटॉप आमच्या टेबलावर येतात तेव्हा कोरे असतात. घरी भाच्याने किंवा ऑफिसातल्या कोणी 'एकदा फॉरमॅट मारून बघू' म्हणून विंडोज नव्याने टाकलेलं असतं. एवढं एक करू नका. कारण सांगतो.

फॉरमॅट मारल्यावर बरं का वाटतं

एसएसडीत आधी लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं काही लिहिता येत नाही. लिहिणं पानापानाने होतं, पुसणं मात्र शेकडो पानांच्या अख्ख्या ब्लॉकचंच होतं. म्हणून एखादा ब्लॉक पुसायचा तर त्यातली कामाची पानं आधी दुसरीकडे हलवावी लागतात. ही आवराआवर एसएसडी फावल्या वेळात स्वतःच करत असते. पण मोकळी जागा उरली नाही की तीच कामं तुमच्या 'सेव्ह'च्या मध्ये येऊन बसतात.

त्यात आजच्या स्वस्त एसएसडी टीएलसी किंवा क्यूएलसी प्रकारच्या असतात. डेटा साठवणाऱ्या एका पेशीत तीन किंवा चार बिट, त्यामुळे थेट लिहिण्याचा वेग मुळात कमी. तो झाकायला कंपन्या रिकाम्या पेशींचा काही भाग एकेकच बिट लिहून वेगवान कॅश, म्हणजे तात्पुरती जागा, म्हणून वापरतात. मंडईतून आल्यावर पिशव्या आधी ओट्यावर ठेवायच्या आणि सवडीने फ्रिजमध्ये लावायच्या, तसंच हे. फ्रिज गच्च भरला की भाजी ओट्यावरच राहते आणि पुढची पिशवी ठेवायला जागा उरत नाही. २०१८ मध्ये आलेल्या इंटेल ६६०पी या क्यूएलसी एसएसडीचं उदाहरण घ्या. १ टीबीच्या मॉडेलमध्ये रिकामी असताना कॅश सुमारे १४० जीबी मिळते, भरत गेली की ती १२ जीबीवर येते.

आता फॉरमॅटचं बघा. फॉरमॅट मारताना विंडोज एसएसडीला ट्रिमचा आदेश देतं, म्हणजे 'ही सगळी जागा आता मोकळी समज'. ओटा, फ्रिज सगळं रिकामं. साहजिकच लॅपटॉप पळायला लागतो. मग जुना डेटा परत भरला जातो आणि दोन-तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. मधल्या काळात विंडोजच्या नोंदी पुसल्या गेल्या, दोष दिसेनासा झाला, आणि आम्हाला तो पुन्हा उभा करायला एसएसडी मुद्दाम भरून चालवत बसावं लागतं. एका दिवसाचं काम तीन दिवसांवर जातं ते यामुळे.

आणखी एक, जास्त महत्त्वाचं. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही फोटो बऱ्यापैकी परत काढता यायचे. एसएसडीत ट्रिम झाल्यावर ते जवळजवळ अशक्य असतं. 'कितीही पैसे घ्या, पण लग्नाचे फोटो काढून द्या' असं कोणी म्हटलं तरी आम्ही पैसे घेत नाही, कारण देण्यासारखं काही निघत नाही.

अडकतो तेव्हा काय बघायचं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवा. अडकल्यावर तो उघडणार नाही. 'परफॉर्मन्स'मध्ये आधी मेमरी बघा. ती ९० टक्क्यांच्या वर असेल तर दोष बहुधा एसएसडीचा नाही. ८ जीबी रॅममध्ये क्रोमच्या तीस टॅब आणि टीम्स मावत नाहीत म्हणून विंडोज रॅममधला मजकूर सतत डिस्कवर उतरवतंय. तिथे रॅम वाढवा, एसएसडी बदलून पैसे घालवू नका.

मेमरी ठीक असेल तर 'डिस्क'वर या. 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्के दिसला की लोक घाबरतात, पण नुसत्या त्या आकड्याला अर्थ नाही. त्याच वेळी लिहिण्याचा वेग किती आहे ते बघा.

वेग शेकड्यात, समजा सेकंदाला ३०० एमबी: एसएसडी काम करतेय. विंडोज अपडेट, वनड्राइव्ह किंवा अँटीव्हायरसचा स्कॅन चालू असेल. चहा घेऊन या. एकाच वेळी दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा.

मोठी कॉपी सुरुवातीला झपाट्याने होते आणि काही जीबीनंतर वेग ५०–१०० एमबीवर किंवा त्याच्याही खाली घसरतो: कॅश संपली. लग्नसराईत अख्खी कार्डं रिकामी करणारे फोटोग्राफर आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडे हाच प्रकार असतो. उपाय जागा मोकळी करण्याचा. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, त्यातले ७० जीबी तरी रिकामे हवेत. २५६ जीबीवाली २३८ दिसते, तिथे ४० जीबी ठेवा. रीसायकल बिन रिकामा करायला विसरू नका, तोपर्यंत जागा मोकळी होतच नाही. मग स्टार्टमध्ये 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडून 'ऑप्टिमाइझ' दाबा. एसएसडीवर हे बटण डीफ्रॅग करत नाही, ट्रिम पाठवतं. मात्र तिथे 'मीडिया टाइप'मध्ये 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलंय ना, ते आधी बघा. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसत असेल तर बटण दाबू नका, आमच्याकडे आणा. ट्रिमनंतर लॅपटॉप चार्जरला लावून, स्लीपमध्ये न जाऊ देता, तासभर नुसता चालू ठेवा. आवराआवरीला सवड लागते.

ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, वेग शून्य आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' हजारो मिलिसेकंद: हा खरा आजार. एसएसडी उत्तरच देत नाहीये. एरवी हा आकडा एखाद-दोन मिलिसेकंदांच्या घरात असतो. अशा वेळी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, वेळ दिसेल असा. नंतर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विंडोज लॉग्ज', 'सिस्टिम' उघडा आणि त्याच मिनिटाच्या नोंदी बघा. क्रमांक १२९ म्हणजे एसएसडीने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही आणि विंडोजने तिला रीसेट केलं. १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करून बघावं लागलं. ७ असेल तर ब्लॉक खराब आहे. त्या दिवशी दुसरं काहीही करण्याआधी बॅकअप घ्या.

१२९ दिसला म्हणजे एसएसडी मेलीच, असं नाही. चार्जरवर नीट आणि बॅटरीवर अडकतो असं असेल तर संशय वीज वाचवण्याच्या सेटिंगवर. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये प्रगत सेटिंग उघडून 'पीसीआय एक्स्प्रेस'खालचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' ऑफ करून चार दिवस बघा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्यायच दिसत नाही, तो शोधत बसू नका. जुन्या लॅपटॉपमधल्या अडीच इंची एसएसडीत बऱ्याचदा दोषी निघते ती पट्टीसारखी केबल, जी एसएसडीपेक्षा बरीच स्वस्त असते. आणि एम-डॉट-टू, म्हणजे छोट्या कार्डासारख्या एसएसडीचा, तो चिमुकला स्क्रू सफाईच्या वेळी कोणी लावायचा विसरला असेल, तर कार्ड एका बाजूने उचललेलं राहतं.

उन्हाळ्यात एक प्रकार जास्त येतो: गादीवर ठेवलेला लॅपटॉप. एसएसडीचा कंट्रोलर साधारण ७०–८० अंशांना पोहोचला की स्वतःला वाचवायला वेग तोडतो. एसएसडीवर बसवलेला सिलिकॉनचा पॅड झाकण उघडताना निघून येतो आणि परत लावला जात नाही, हेही बघायला मिळतं.

'पण हेल्थ तर ९८ टक्के दाखवतंय'

क्रिस्टल डिस्क इन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हा आकडा फक्त झीज सांगतो, म्हणजे ठरलेल्या आयुष्यातलं किती लिहून झालं. एसएसडी वेळेवर उत्तर देते का, हे तो सांगत नाही. गाडीचं किलोमीटर कमी आहे म्हणून क्लच चांगला, असं होत नाही. खालची यादी वाचा. 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्यच हवं. 'अव्हेलेबल स्पेअर' १०० वरून खाली येऊ लागलं तर नव्या एसएसडीची तयारी करा. साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीच्या) एसएसडीत सीआरसी एररचा, म्हणजे डेटा नेताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर आधी केबल बघा.

त्याच यादीत 'अनसेफ शटडाउन्स' असतं. लॅपटॉप अडकला की पॉवर बटण दाबून धरायची सवय असलेल्यांचा हा आकडा शेकड्यांत असतो. सामान्य एसएसडीत वीज अचानक गेल्यावर हातातलं काम पुरं करण्याएवढा साठा नसतो, आणि कुठला डेटा कुठे ठेवलाय याचा तक्ताच अर्धवट राहू शकतो. दोन मिनिटं थांबा, बहुतेकदा सुटतो. बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट प्लगवर चालवणाऱ्यांनी गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद होते तेव्हाही हेच लक्षात ठेवावं.

फर्मवेअरच्या, म्हणजे एसएसडीच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, चुकाही असतात. सॅमसंगच्या ९८० प्रोचा दोष २०२३ च्या सुरुवातीला गाजला, त्यात एसएसडी अचानक फक्त वाचण्यापुरती उरायची, आणि कंपनीने सुधारित फर्मवेअर दिलं. अपडेट कंपनीच्याच सॉफ्टवेअरने करा, पण आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) थांबवा.

आमच्याकडे आणताना

चार्जर आणा, काढलेले फोटो आणा आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की आणा. घरचा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केला असेल तर की त्याच खात्यात सापडते. 'आम्ही बिटलॉकर लावलंच नाही' असं बरेच जण सांगतात; नव्या विंडोज ११ मध्ये ते आपोआप लागलेलं असू शकतं. की नसेल तर आम्ही लॅपटॉप उघडत नाही. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचे लॅपटॉप त्यांच्या आयटी विभागाच्या लेखी परवानगीशिवाय घेत नाही. यावर वाद घालू नये.

लॅपटॉप किमान एक दिवस ठेवून घेतो, याबद्दल कुरकुर होते. कारण साधं आहे. आधी पूर्ण ड्राइव्हची प्रत काढतो, तपासणी नंतर. मरायला टेकलेल्या एसएसडीवर आधी टेस्ट चालवली तर ती टेस्टच शेवटची ठरू शकते. त्यानंतर चार्जरवर, बॅटरीवर आणि झोपवून-उठवून, असं तीनही प्रकारे लिहून बघतो. हे काउंटरवर पाच मिनिटांत होत नाही आणि फोनवर तर मुळीच नाही. तपासणीचे ४०० रुपये. काम आमच्याकडे केलंत तर बिलातून वजा.

एसएसडी बदलायची वेळ आलीच तर रोज मोठ्या फाइली हाताळणाऱ्यांना आम्ही टीएलसीच सुचवतो, आणि जमल्यास गरजेच्या दुप्पट क्षमतेची. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त मिळाली तर जरूर घ्या, आम्ही बसवूनही देतो. फक्त घेण्याआधी लॅपटॉपचं मॉडेल कळवा. एम-डॉट-टू दिसायला सारखीच असली तरी साटा आणि एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीची) वेगळ्या, आणि पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंना चिप असलेलं कार्ड बसतंच असं नाही. जुनी एसएसडी पाकिटात घालून तुम्हाला परत देतो. ती महिनाभर तशीच ठेवा. नव्या एसएसडीवर सगळं आलंय याची खात्री झाल्यावर मग हवं तर तिला फॉरमॅट मारा.