डिजिटल प्राण्यांचा ब्लॉकचेन खेळ बनवून घेण्याआधी: ग्राहकांसाठी माहिती

बहुतेक ग्राहक प्राण्यांची चित्रे घेऊन आमच्याकडे येतात. चित्रे नंतरही बदलता येतात. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक नोंदवहीत, काय लिहायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे मात्र आधी ठरवावे लागते. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे खेळाचे नियम चालवणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम, एकदा चढवले की त्यातला नियम सहजासहजी बदलत नाही, आणि तिथल्या प्रत्येक नोंदीला गॅस, म्हणजे नोंदीचे शुल्क, लागतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर आलेला क्रिप्टोकिटीज हा मांजरांचा खेळ अजूनही अभ्यासण्यासारखा आहे. त्यात एका मांजराची सगळी नोंद ३२ बाइटच्या दोन कप्प्यांत बसते. पहिल्या कप्प्यात फक्त जनुके. दुसऱ्यात जन्मवेळ, पुन्हा प्रजनन कोणत्या ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे एकत्र नोंदलेल्या व्यवहारांचा गठ्ठा) करता येईल, आई-बापांचे क्रमांक, गाभण असेल तर कोणापासून, विश्रांतीची पातळी आणि पिढी. इथेरियमवर एक नवा कप्पा भरायला साधारण २२,१०० गॅस जातो. त्यामुळे प्राण्याचे टोपणनाव, जिंकलेल्या लढती, अंगावरचे दागिने असे एकेक वाढवत गेलात, तर प्रत्येक जन्माचे बिल तुमचा खेळाडू भरतो. मालकी, जनुके आणि वंशावळ ब्लॉकचेनवर असू द्या. बाकीचे साध्या डेटाबेसमध्ये ठेवा, काही बिघडत नाही.

जनुकांची मांडणी जवळून पाहा. २५६ पैकी २४० बिट कामाचे: १२ गुण, प्रत्येक गुणाची ४ जनुके, प्रत्येक जनुक ५ बिटांचे, म्हणजे ३२ पर्याय. चारपैकी एकच जनुक अंगावर दिसते, तीन लपलेली राहतात आणि पुढच्या पिढ्यांत वर येऊ शकतात. दोन साध्या मांजरांना एखादे दुर्मीळ पिलू होते ते यामुळेच, आणि खेळाडू जोड्या जुळवत बसतात तेही याचसाठी. लपलेली जनुके नसलेला खेळ आमच्या मते लवकर शिळा होतो. मात्र ५ बिटांत ३३वा पर्याय बसत नाही, म्हणून पुढे नवे रंग आणायचे असतील तर त्यांची जागा आजच राखून ठेवा.

सर्वाधिक चुका पिलाचे गुण ठरवण्याच्या टप्प्यावर होतात. प्रजनन आणि जन्म एकाच व्यवहारात उरकले, तर चलाख खेळाडू स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टमधून ते बोलावतो, पिलू पाहतो आणि आवडले नाही तर व्यवहारच उलटवतो. त्याचा थोडा गॅस जातो, एवढेच. म्हणून हे दोन टप्प्यांत करतात: आधी जोडी नोंदवायची, मग पुढच्या एखाद्या ब्लॉकच्या हॅशवरून, म्हणजे त्या ब्लॉकमधून निघणाऱ्या, आधी न कळणाऱ्या आकड्यावरून, गुण काढायचे. पण सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत हा हॅश देणाऱ्या ब्लॉकहॅशला मागचे २५६ ब्लॉकच दिसतात. इथेरियमवर दर १२ सेकंदांना एक ब्लॉक धरला तर जेमतेम ५१ मिनिटे. त्यानंतर उत्तर शून्य येते. कोडमध्ये याची सोय नसेल तर जन्म लांबवणाऱ्याला पिलू कसे निघेल ते आधीच मोजता येते. आम्ही चेनलिंक व्हीआरएफसारख्या बाहेरच्या, पडताळता येणाऱ्या सेवेकडून यादृच्छिक (कोणाला आधी न कळणारी) संख्या मागवतो. उत्तर येईपर्यंत दोन्ही पालकांची विक्री बंद राहते, नाहीतर गाभण मादी मधेच दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) जाते आणि पिलू कोणाचे यावर तंटा होतो.

आणखी एक गोष्ट ग्राहकांच्या लक्षात येत नाही. कॉन्ट्रॅक्ट आपणहून जागे होत नाही. ठरलेल्या वेळी जन्म व्हायचा तर कोणीतरी व्यवहार पाठवावाच लागतो. क्रिप्टोकिटीजमध्ये जन्माचे शुल्क आधीच घेऊन, जो जन्माचा व्यवहार पाठवेल त्याला ते मिळत असे. तुमच्या खेळात हा खर्च कोण उचलणार, ते आराखड्यातच लिहा.

संख्येला लगाम हवा. १,००० प्राणी, सगळे जोडीने, प्रत्येक जोडीला आठवड्याला एक पिलू आणि तेही पुढच्या आठवड्यात जोडीला लागले, तर १२ आठवड्यांत १,२९,००० च्या वर प्राणी होतात. मग भाव उरत नाही. क्रिप्टोकिटीजमध्ये विश्रांतीच्या १४ पातळ्या होत्या, १ मिनिटापासून ७ दिवसांपर्यंत; प्रत्येक प्रजननानंतर पातळी चढे आणि नंतरच्या पिढ्या मुळातच मंद जन्मत. पहिल्या पिढीला ५०,००० ची मर्यादाही होती. अ‍ॅक्सी इन्फिनिटी या तशाच दुसऱ्या खेळाने एका प्राण्याला ७ वेळाच प्रजनन करू दिले. दोन्हींपैकी एक तरी उपाय घ्याच.

डिसेंबर २०१७ मध्ये क्रिप्टोकिटीजच्या गर्दीने इथेरियमच तुंबले होते. आज बेस, आर्बिट्रम किंवा पॉलिगॉन या इथेरियमशी जोडलेल्या स्वस्त साखळ्यांवर तेच काम फार स्वस्तात होते आणि आम्ही तिथेच सुरुवात सुचवतो. टोकनसाठी, म्हणजे प्राण्याच्या मालकीच्या डिजिटल नोंदीसाठी, ईआरसी-७२१ हा ठरलेला नमुना सोडून स्वतःचे काही रचू नका. बाजारपेठा आणि वॉलेट त्यालाच ओळखतात. पिलू देताना समोर कॉन्ट्रॅक्ट असेल तर त्याला मधेच हाक जाते आणि काम अर्धवट असतानाच ते तुमच्या कॉन्ट्रॅक्टला पुन्हा बोलावू शकते, म्हणून आधी सगळ्या नोंदी पूर्ण करायच्या, मगच प्राणी हाती द्यायचा. चाचणी सेपोलिया या इथेरियमच्या सरावाच्या जाळ्यावर, मग बाहेरच्या माणसाकडून ऑडिट, म्हणजे कोडची तपासणी. ऑडिटनंतर एक ओळ जरी बदलली तरी ती पुन्हा तपासून घ्यावी लागते.

चित्रे आयपीएफएस या अनेक संगणकांवर फाइली ठेवणाऱ्या जाळ्यावर ठेवली म्हणजे कायमची राहिली, असे नाही. कोणीतरी ती पिन करून, म्हणजे आपल्या संगणकावर सांभाळून, ठेवावी लागतात. पिनिंगचे पैसे थकले की मालकी शाबूत आणि चित्राची जागा रिकामी.

प्रशासकाची चावी, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर हुकूम चालवणारा गुप्त संकेत, एकाच लॅपटॉपवर नको. मार्च २०२२ मध्ये रोनिन पुलावरून, म्हणजे अ‍ॅक्सी इन्फिनिटीच्या साखळीला इथेरियमशी जोडणाऱ्या व्यवस्थेतून, १,७३,६०० इथर (इथेरियमचे चलन) चोरीला गेले. नऊपैकी पाच चाव्या पुरेशा होत्या, आणि त्यांतल्या चार एकाच कंपनीच्या हाती होत्या. चोरी सहा दिवसांनी लक्षात आली. चाव्या वेगवेगळ्या माणसांकडे, वेगवेगळ्या यंत्रांवर हव्यात, आणि मोठी रक्कम हलली की लगेच सूचना यायला हवी.

भारतातल्या खेळाडूंना अशा टोकनच्या विक्रीतल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेवरच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. खेळात पैसे किंवा विकता येणारे टोकन डावावर लावायचे असेल, तर २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा आधी वकिलाला दाखवा. तसे काम आम्ही त्याच्या लेखी मताशिवाय हाती घेत नाही.

पहिल्या भेटीला येताना गुणांची यादी, प्रत्येक गुणाचे पर्याय, पहिल्या पिढीची संख्या, प्रजननाची मर्यादा आणि चाव्या कोणाकडे राहतील, एवढे कागदावर लिहून आणा.